चांद्याची भट्टी, कुलाब्याची थंडी

लोहारा, १८६०

आधी आवाज ऐकू येतो. फुस्स, फुस्स, एका लयीत. सागाच्या वाळक्या पानांवरून तुम्ही त्या दिशेने चालू लागता आणि ध्यानात येतं की खिशातल्या मोबाइलला रेंज नाही. पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं ती येणारही नाही.

भोसल्यांचं नागपूर राज्य खालसा होऊन सहा वर्षं झाली आहेत. २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांनी चांद्यात बंडवाले बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली, त्याला दोन वर्षंही धड उलटलेली नाहीत. त्यामुळे अनोळखी माणूस दिसला की इथली माणसं आधी त्याचे कपडे न्याहाळतात, मग तोंड. गडचिरोली अजून चांदा जिल्ह्यातच आहे. तिचा वेगळा जिल्हा होईल तो १९८२ साली. तुम्ही उभे आहात तो लोहारा सिंदेवाहीच्या बाजूचा, लोहखनिजाच्या टेकडीजवळचा.

झाडीतल्या मोकळ्या जागेत छातीएवढी उंच मातीची भट्टी आहे. वरचं तोंड उघडं. तळाशी मातीच्या दोन नळ्या आत गेलेल्या आणि नळ्यांना कातड्याचे भाते. दोन पोरं आळीपाळीने भाते दाबताहेत, त्यामुळे वारा क्षणभरही तुटत नाही. एक बाई टोपलीने लाकडी कोळसा ओतते, त्यावर ओंजळभर कुटलेला दगड, पुन्हा कोळसा, पुन्हा दगड. त्यातला एक खडा तुम्ही उचलता. काळसर तांबडा, आणि आकाराच्या मानाने भलताच जड.

म्हातारा लोहार वाकून तळाच्या भोकातून आत बघतो. तुम्हीही वाकता.

"मागं सरा जी, पोळंल."

तेवढ्यात तुम्हाला दिसायचं ते दिसलेलं असतं. कडेला लाल, आत नारिंगी आणि नळीच्या तोंडाशी पिवळाजर्द. म्हाताऱ्याजवळ तापमापक नाही, कधी नव्हता. रंग फिका पडला की तो पोरांवर खेकसतो, चढला की समाधानाने तंबाखू मळायला बसतो. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारा प्रकाश तिचं तापमान सांगतो, हे त्याला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. हे ज्ञान नीट लक्षात ठेवा. दीडशे वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या एका प्रयोगशाळेत ते तुमच्या कामाला येणार आहे.

आत साधारण १,२०० अंश सेल्सिअस आहे. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात, म्हणजे या भट्टीत लोखंड वितळत नाही. कोळशाचा अर्धवट जळलेला वायू दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो, दगडातली माती आणि वाळू वितळून कीट होऊन वाहते आणि मागे उरतो लोखंडाचा सच्छिद्र गोळा. संध्याकाळी भट्टीची पुढची बाजू फोडतात. लांब चिमट्याने तो गोळा ओढून दगडावर ठेवतात आणि दोघे जण आळीपाळीने घण घालतात. प्रत्येक घावासरशी उरलेलं कीट ठिणग्या होऊन उडतं. रात्र होईस्तोवर हाती येतं ते कुऱ्हाडीच्या पात्यापुरतं लोखंड.

पोरांनी आणखी जोरात भाते दाबले तर? थोडा फरक पडेल, फार नाही. मातीच्या भिंतींतून उष्णता निसटत राहते आणि थंड वारा आत जाताना स्वतःच थोडी खाऊन टाकतो. १,२०० पासून १,५३८ पर्यंतचे हे सव्वातीनशे-साडेतीनशे अंश ओलांडायचे तर वेगळं इंधन आणि वेगळी भट्टी हवी. चांद्याच्या नशिबात ती होती का, हे बघायला बावीस वर्षं पुढे चला.

वरोरा, १८८२

आता तुमच्या नाकात धूर आहे आणि दातांखाली कचकच. वर्ध्याहून रेल्वेचा फाटा इथवर आलेला आहे आणि सरकारी कोळसाखाण जोरात चालू आहे. खाणीतून वर आलेल्या डब्यांतला एक तुकडा उचला. लोहाऱ्याच्या खड्याएवढाच, पण हलका. दोन्ही हातांनी दाबला तर कोपरे भुगा होऊन गळतात. हा भुगा ध्यानात ठेवा, कारण मोठमोठी स्वप्नं याच्यापायी अडली.

या वर्षी मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हाती एक अहवाल पडला आहे. माणूस जमशेटजी टाटा. नागपूरला एम्प्रेस मिल काढून त्यांना पाच वर्षं झाली आहेत. अहवाल लिहिणारा जर्मन भूशास्त्रज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ. विषय, चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना परवडेल का. त्याचं म्हणणं असं की सगळ्यात सोयीचं खनिज लोहाऱ्याला आहे आणि कोळसा वरोऱ्याला, म्हणजे त्याच जिल्ह्यात. जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने घेतले आणि थेट जर्मनीत तपासून घेतले. निकाल आला: या कोळशावर पोलाद होणार नाही.

का, याचं उत्तर तुमच्या तळहातावर आहे. मोठ्या झोतभट्टीत नुसता कोळसा चालत नाही, त्याचा कोक लागतो. कोळसा हवेविना भाजला की त्यातले वायू उडून जातात आणि मागे कडक, छिद्रं असलेला कोक राहतो. त्याला दोन कामं करावी लागतात: जळून उष्णता द्यायची, आणि डोक्यावर रचलेल्या टनावारी खनिजाचं ओझं सोसत मधून गरम वारा जाऊ द्यायचा. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात पाणी जास्त आणि भाजला तरी त्याचा घट्ट कोक होत नाही. बॉयलरखाली तो उत्तम जळतो, म्हणून रेल्वेला चालला. झोतभट्टीत मात्र वारा कोंडतो, आणि वारा कोंडला की तापमान चढत नाही.

खनिज खणण्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. जमशेटजींनी बेत बाजूला ठेवला, सोडला नाही.

चांद्याचं जंगल, १९०४

बैलगाडीच्या साटीवर बसून तुमचं अंग आंबलं आहे. पुढच्या गाडीत तीन माणसं आहेत. जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी, अमेरिकेहून आलेला भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड आणि दोराबजींचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला. सकलातवालांना या रानोमाळ भटकण्यात हिवताप जडणार आहे. इलाजासाठी ते इंग्लंडला जातील आणि पुढे तिथल्या संसदेत कम्युनिस्ट खासदार म्हणून निवडून येतील. आज मात्र ते तुमच्यासारखेच डास मारत बसले आहेत.

वाघांचा मुलूख. पाण्याचा भरवसा नाही. म्हणून चहा होतो तो सोडावॉटरमध्ये! पितळेच्या भांड्यात सोडा फसफसत उकळतो, वर पत्ती. कप तुमच्याही हाती येतो. चव विचारू नका, प्या.

वेल्ड हातोडीने दगड फोडतो, तुकडा डोळ्यांशी धरतो, वहीत काहीतरी टिपतो. लोहाऱ्याचं खनिज उत्तम आहे, असं तोही म्हणतो. पण एका गावाच्या भट्ट्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरणं वेगळं आणि आधुनिक कारखान्याच्या तोंडाला पुरणं वेगळं. तेवढा साठा त्याला इथे दिसत नाही. दोराबजी नागपूरला परततात ते सरकारला आमचं काम थांबलं असं सांगायला. भेटायचे साहेब जागेवर नसतात. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरतात आणि भिंतीवर मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा दिसतो. दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाचा रंग ठळक भरलेला आहे. गाड्या तिकडे वळतात. दल्ली-राजहरा, मग भूशास्त्रज्ञ पी. एन. बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंज, मग साकची. १९१२ च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं पोलाद निघालं. जमशेटजींना ते बघायला मिळालं नाही. ते १९ मे १९०४ लाच गेले.

चांद्याचं खनिज आणखी शंभर वर्षं बहुतांशी जमिनीतच राहिलं. एटापल्लीच्या सुरजागडावर यंत्रं चढली ती या शतकात. पण दोराबजींचं नाव विसरू नका. चांद्याच्या रानात भट्टीसाठी दगड शोधत फिरलेल्या या माणसाच्या पैशातून पुढे देशातल्या अतिथंड जागांपैकी एक उभी राहणार आहे. तिथे पोहोचण्याआधी थंडी कशी कमवायची हे शिकून घ्या. त्यासाठी हॉलंडला जावं लागेल.

लायडन, १० जुलै १९०८

पहाटे पावणेसहा. काचेच्या नळ्या, पंप, पट्टे, ऑइलचा वास. प्राध्यापक हाइक कामरलिंग ओनेस आणि त्यांचे तंत्रज्ञ कामाला लागले आहेत. कोपऱ्यात उभे राहा आणि कशालाही हात लावू नका. आज इथे वीस लिटर द्रव हायड्रोजन तयार होणार आहे. एक ठिणगी पडली तर ही गोष्ट इथेच संपेल.

जगातले इतर सगळे वायू द्रव करून झाले आहेत. एकटा हेलियम दाद देत नाही. या वायूची पहिली चाहूल आपल्याच देशात लागली होती: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, गुंटूरला दुर्बीण लावून बसलेल्या जान्सेन यांना सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. तुमच्यातल्या कोणी विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे पाहिले असतील तर हेलियम तिथूनच सापडला ही तिथे सांगतात ती कथा थोडी दुरुस्त करून घ्या. तो मान ज्यांना देतात ते खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर १८६८ ला इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेंनी पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनही तीन वर्षं झाली होती.

लायडनची रीत पायऱ्यांची आहे. द्रव हवेने हायड्रोजन थंड करायचा, द्रव हायड्रोजनने हेलियम, आणि दाबाखालच्या हेलियमला बारीक तोंडातून एकदम मोकळं सोडायचं. पसरताना वायू स्वतःच आणखी थंड होतो. दुपारी दीडला हायड्रोजन तयार. चार वाजून वीस मिनिटांनी हेलियम फिरू लागतो. साडेसात वाजत आले तरी भांड्यात काही दिसत नाही. तापमापकाचा काटा एका जागी चिकटून बसला आहे. हायड्रोजन संपत आलेला. माणसांचे चेहरे उतरलेले.

तेवढ्यात बघायला आलेले एक सहकारी प्राध्यापक म्हणतात, भांड्यावर खालून उजेड टाकून बघा. दिवा खाली धरला जातो आणि काचेला टेकलेली द्रवाची कड सुरीच्या पात्यासारखी लखकन दिसते. भांडं जवळजवळ भरलेलं होतं! काटा अडकला नव्हता. हेलियम उकळत होता, म्हणून तापमान एका जागी थांबलं होतं. शून्याखाली २६९ अंश. एकूण द्रव ६० घन सेंटिमीटर, चहाच्या कपात मावेल इतका. त्या संध्याकाळी पृथ्वीवर याहून थंड जागा दुसरी नव्हती.

तीन वर्षांनी याच प्रयोगशाळेत याच थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. अतिवाहकता सापडली. थंडीचा उच्चांक मोडण्यात शर्यतीपलीकडे काय असतं, ते इथे कळतं: दर खालच्या पायरीवर पदार्थ काहीतरी नवं वागून दाखवतो.

ब्रूकहेवन, २०१०

आता उलट टोकाला चला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर जमिनीखाली ३.८ किलोमीटर घेराची एक गोल नळी आहे. तिच्यात सोन्याच्या अणूंची केंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोरून आणून आपटतात. फेब्रुवारी २०१० मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की टक्कर होते त्या जागी तापमान ४ लाख कोटी अंशांवर जातं, सूर्याच्या गाभ्याच्या सुमारे अडीच लाख पट. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. दोनच वर्षांत जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये शिशाच्या केंद्रकांनी तो उच्चांक मोडला. आकडा साडेपाच लाख कोटींच्या घरात गेला. दोन्हीकडे भारतीय गटांचा हात आहे. तिथले फोटॉन मोजणारे शोधक कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने बनले.

इतक्या तापमानाला प्रोटॉन आणि न्यूट्रॉनसुद्धा टिकत नाहीत. ते वितळतात आणि त्यांच्या आतले क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. विश्व जन्मल्यानंतर सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आत ते असंच होतं, असं मानतात.

मोजलं कशाने? तिथे तापमापक घालणार कसा? टकरीतून बाहेर पडलेल्या प्रकाशकणांची ऊर्जा शास्त्रज्ञांनी मोजली, म्हणजे त्या ज्वाळेचा रंग वाचला आणि रंगावरून तापमान काढलं. लोहाऱ्याच्या भोकाशी वाकलेला म्हातारा आठवला ना? तत्त्व तेच. त्याचा पिवळा रंग डोळ्यांना दिसत होता, यांचा गॅमा किरणांत आहे, एवढाच फरक.

आता तुम्ही नळीला हात लावून बघता. गार आहे. तापमान सूर्याच्या लाखो पट असूनही भोवतालचा धातू का वितळत नाही? थोडा हिशेब करा. अशा एका टकरीत एकूण ऊर्जा असते एका जूलच्या सुमारे दीडलाखाव्या भागाइतकी. पाण्याचा एक थेंब एका अंशाने तापवायला सुमारे पाचवा हिस्सा जूल लागतो. म्हणजे तो थेंब एक अंश तापवायचा तर अशा तीसेक हजार टकरांची सगळीच्या सगळी ऊर्जा त्यात ओतावी लागेल. शिवाय तो भडका टिकतो किती? एका सेकंदाला एकावर तेवीस शून्यं लावून होणाऱ्या आकड्याने भागा, साधारण तेवढा.

बातमीत नेमकं हेच हरवतं. तापमान सांगतं की कण किती जोरात धावताहेत. उष्णता सांगते की अशी धावपळ एकूण किती आहे. पहिलं प्रचंड असूनही दुसरी नगण्य असू शकते. आणि माणसाला पोळते ती दुसरी.

कुलाबा, मुंबई, २०१६

समुद्र जवळ आहे. नेव्ही नगरच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हिरवळीवर तुम्ही उतरता. १२ मार्च १९४४ ला होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, १९४५ ला संस्था सुरू झाली. चांद्याच्या जंगलात सोडावॉटरचा चहा पिणारे तेच दोराबजी.

आत एस. रामकृष्णन, ओम प्रकाश, अनिल कुमार आणि ए. तमिळवेल यांचा गट बिस्मथच्या शुद्ध स्फटिकावर काम करतो आहे. बिस्मथ चकचकीत, ठिसूळ, किंचित गुलाबी छटेचा धातू. त्यात वीज वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन फारच थोडे, साधारण लाख अणूंमागे एक. अतिवाहकतेच्या रूढ सिद्धांताप्रमाणे इतक्या थोड्या इलेक्ट्रॉनांवर ती अवस्था यायला नको. खात्री करायची तर लायडनच्या कितीतरी पायऱ्या खाली उतरावं लागतं.

पहिली पायरी द्रव हेलियमची, निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे −२७३.१५ पासून, ४.२ अंशांवर. दुसरी, हेलियमचे दोन भाऊ, हेलियम-३ आणि हेलियम-४, एकमेकांत मिसळवायची. हेलियम-३ सीमा ओलांडून पलीकडे जाताना उष्णता घेऊन जातो आणि तापमान अंशाच्या हजाराव्या भागांत येतं. तिसरी पायरी चुंबकाची. तांब्याच्या केंद्रकांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला उभं करायचं, त्यात निघालेली उष्णता बाहेर काढायची, मग दार लावून घ्यायचं आणि क्षेत्र सावकाश उतरवायचं. केंद्रकं पुन्हा विस्कटतात. विस्कटायला लागणारी ऊर्जा ती शेजारच्या स्फटिकातून ओढून घेतात.

इथे श्वासही जपून घ्यावासा वाटतो. वॅटच्या अब्जाव्या भागाएवढी उष्णता आत झिरपली तरी सगळं वाया जाऊ शकतं. इमारतीचा कंप हाही इथे वैरी, कारण कंप म्हणजे उष्णताच. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा अडवावं लागतं. ते या बिस्मथला सोसवेल त्याच्या कितीतरी पट आहे.

आणि निरपेक्ष शून्यापासून ०.०००५३ अंशांवर स्फटिक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलू लागतो. बिस्मथ अतिवाहक झाला! डिसेंबर २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने हे काम प्रसिद्ध केलं. इतक्या कमी वाहक इलेक्ट्रॉनांचा अतिवाहक तोवर कोणाला सापडला नव्हता आणि रूढ सिद्धांत त्याचा खुलासा करू शकत नाही. हा उच्चांक आकड्याचा कमी आणि प्रश्नाचा जास्त आहे.

यापेक्षा खाली जाता येतं का? येतं. २०२१ ला जर्मनीतल्या ब्रेमेनच्या उंच मनोऱ्यातून रुबिडियमच्या अणूंचा ढग खाली सोडून शास्त्रज्ञांनी ३८ पिकोकेल्विन गाठलं, म्हणजे एका अंशाच्या लाख कोटीव्या भागाच्या अडतीस पट. असे ढग थंड करताना शेवटची पायरी असते ती आपल्या माठाची: जास्त वेगाचे कण निसटू द्यायचे, मागे राहतात ते गार. शून्य मात्र कोणाला गाठता येणार नाही. वरच्या दिशेला रस्ता अजून बराच मोकळा दिसतो, खालच्या दिशेला −२७३.१५ वर भिंत आहे.

चंद्रपूर, म्हणजेच जुनं चांदा, नवतपा

२५ मे उलटून गेला आहे, दुपारचे दोन वाजले आहेत आणि जटपुरा गेटसमोर तुम्ही उन्हात उभे आहात. पारा ४५ च्या पुढे. २०१९ च्या मे अखेरीस तो इथे ४७ च्याही वर गेला होता. दुपट्टा बांधलेली माणसं सावली धरून चालतात. चौकात पन्ह्याच्या गाडीपाशी गर्दी आहे. तिकडे गडचिरोलीत तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे निघाल्या होत्या. आता त्या घरी बसून पुडे बांधत असतील, नाहीतर फडीवर मोजून देत असतील.

शहराच्या कडेला महाऔष्णिक केंद्राची धुरांडी दिसतात. क्षमता २,९२० मेगावॅट. बॉयलरमधली वाफ ५४० अंशांच्या आसपास. ब्रूकहेवनच्या तुलनेत हा आकडा किरकोळ, लोहाऱ्याच्या भट्टीच्या निम्म्याहूनही कमी. पण हे केंद्र पूर्ण चालतं तेव्हा दर सेकंदाला २९२ कोटी जूल वीज बाहेर पडते, आणि तेवढी वीज काढताना तिच्या दीड-दोन पट उष्णता धुरांडी आणि थंड करायच्या पाण्यावाटे हवेत जाते. दिवसरात्र. वर्धा खोऱ्यातला जो कोळसा जमशेटजींच्या भट्टीला नालायक ठरला, त्याच जातीच्या कोळशावर हे चालतं.

आता स्वतःच्या अंगाकडे बघा. त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून थंड असली तर शरीर उष्णता हवेला देऊन टाकतं. हवा ४५ ला गेली की देवाणघेवाण उलटते, हवाच तुम्हाला उष्णता देऊ लागते. मग एकच मार्ग उरतो, घाम. लिटरभर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जातो. उन्हात राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. ते पाणी आणि त्यासोबतचं मीठ भरून निघालं नाही, किंवा हवा दमट होऊन घाम वाळेनासा झाला, की शरीराचं तापमान चढू लागतं. ४० अंश ओलांडले की माणूस बरळतो, कोसळतो. वर जायला लाखो कोटी अंश मोकळे असलेल्या या विश्वात माणसाच्या जगण्याला जागा आहे ती सदतीसच्या अलीकडे-पलीकडे जेमतेम पाच-पाच अंशांची.

म्हणून तापमानाच्या उच्चांकाची बातमी वाचाल तेव्हा आकड्याच्या जोडीने दोन गोष्टी विचारा: हे किती पदार्थात झालं, आणि किती वेळ टिकलं. ब्रूकहेवनचे ४ लाख कोटी अंश डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यात क्षणाच्या कणभर टिकले आणि त्यातून विश्वाच्या जन्माविषयी काही कळलं. चंद्रपूरचे ४५ अंश सबंध शहरावर आठवडेच्या आठवडे टिकतात आणि त्यातून माणसं मरतात. पहिल्या उच्चांकाचं कौतुक करावं. दुसऱ्याचं मथळ्यात मिरवणं थांबवावं.

आणि तुमच्या हाताखाली बांधकामावर, वीटभट्टीवर, कोळशाच्या डेपोत किंवा शेतात माणसं असतील, तर मे महिन्यात दुपारी बारा ते चार त्यांना काम लावू नका. प्यायला पाणी, बसायला सावली द्या आणि त्या चार तासांची मजुरी कापू नका.